अडतिसाव्या पानावरचं कुलूप

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ठाण्यात राहते, वय ३४. गेली सहा वर्षं दैनंदिन मालिकांसाठी संवाद लिहिते आहे, आठवड्याला सहा एपिसोड. तीन वर्षांपूर्वी स्वतःचा चित्रपट लिहायला घेतला. कोल्हापूरकडच्या एका गावात पिठाची गिरणी आहे, वडील गेल्यावर दोन बहिणींचं तिच्यावरून बिनसतं, अशी गोष्ट. अडतिसाव्या पानावर थोरली बहीण गिरणीला कुलूप लावते आणि तिथून पुढे मला एक ओळ लिहिता आलेली नाही. पहाटे पाचला उठून पाहिलं. भिंतीवर प्रसंगांची कार्डं चिकटवली. परदेशी पुस्तकातला तीन अंकांचा (सुरुवात, मध्य, शेवट) साचा वापरला, पटकथेचं सॉफ्टवेअर विकत घेतलं, चार दिवस लोणावळ्यालाही राहून आले. एकदा लेकाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बाकावर बसून एक अख्खा सीन वहीत उतरला होता, पण त्याला काही लिहायला बसणं म्हणता येणार नाही. लेखकांच्या मुलाखती ऐकल्या की वाटतं, प्रत्येकाला आपापली पद्धत सापडली आहे, मलाच शिस्त नाही. मालिका सोडून पूर्ण वेळ चित्रपटाला द्यावा का? आणि माझी पद्धत मला सापडणार कशी?

सप्रेम नमस्कार.

'मलाच शिस्त नाही' हे वाचून मी पत्राच्या समासात एक गुणाकार केला. एक एपिसोड २२ मिनिटांचा धरला तर सहा एपिसोडचे होतात १३२ मिनिटं. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही एका चित्रपटाच्या लांबीचे संवाद लिहून पाठवता, घरी पाहुणे असोत की मुलाला ताप. सहा वर्षं. शिस्त नसलेल्या बाईला हे जमत नाही. तेव्हा तो शब्द आपण इथेच बाजूला ठेवू आणि गाडी नेमकी कुठे अडते ते पाहू.

मालिकेचं काम कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची. चॅनलकडे ट्रॅक, म्हणजे कथानकाचा पुढचा टप्पा, मंजूर होतो, त्याची वनलाइन, म्हणजे प्रसंगांची थोडक्यात यादी, बनते, पटकथाकार तिचे सीन पाडतो आणि ते सीन संवादलेखिकेच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. सीनमध्ये कोण आहे, काय घडतं, शेवटी उत्सुकता ताणणारा हुक कोणता, हे सगळं आधीच ठरलेलं. तिने माणसं बोलती करायची. लिहून पाठवलं की ईपी (कार्यकारी निर्माता) किंवा चॅनलच्या क्रिएटिव्ह टीमचा फोन येतो: सासू एवढी मऊ बोलणार नाही, शेवट जरा कडक करा. बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या एपिसोडांचा साठा, संपत आली असेल तर तेवढं बोलायलाही कोणाला वेळ नसतो, सीन थेट सेटवर जातो.

ही वाटणी मालिकांनी शोधून काढलेली नाही. आपल्याकडे चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही कथा, पटकथा, संवाद अशा तीन पाट्या वेगळ्या पडतात. १९८३च्या 'अर्धसत्य'ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद वसंत देव यांचे. तेंडुलकरांसारख्या नाटककाराच्या पटकथेला संवाद दुसऱ्याने लिहिले आणि चित्रपट त्याने उणा झाला नाही. ही तीन कामं खरोखरच वेगळी आहेत. एकच माणूस तिन्ही करतो तेव्हाही ती वेगळीच राहतात.

आता तुमच्या चित्रपटाकडे येऊ. माझा अंदाज असा, की तुम्ही तो जसा येतो तसा, म्हणजे संवादांपासून लिहायला घेतलात. वडील गेले, बहिणी भेटल्या, बोलल्या, भांडल्या. तुमच्या कानात माणसं बोलतात, त्यामुळे अडतीस पानं भराभर झाली असणार. मग कुलूप लागलं, आणि उद्याची वनलाइन कोणी पाठवलीच नाही. सहा वर्षं जे काम दुसरी माणसं करत होती ते त्या पानावर तुमच्या एकटीच्या अंगावर पडलं. त्यात ईपीही तुमच्याच डोक्यात बसलेला, वाक्य पूर्ण व्हायच्या आत 'हे चालणार नाही' म्हणणारा.

आणखी एक गोष्ट आहे, जरा नाजूक. मालिकेची संवादलेखिका रोज कशाचा सराव करते? गोष्ट लांबवण्याचा. मालिकेत गिरणीला कुलूप लागलं तर ते निदान तीन महिने उघडायचं नसतं. रोज कोणीतरी त्या कुलपाकडे बघून काहीतरी बोलायचं, काल न पाहिलेल्या प्रेक्षकासाठी कालचं पुन्हा सांगायचं आणि शेवटी दारावर थाप पडली पाहिजे. हे सोपं काम नाही, नावं ठेवणाऱ्यांनी एक आठवडा करून पाहावं. पण चित्रपटाला त्या कुलपाचं पुढच्या पाच-सात मिनिटांत काहीतरी व्हावं लागतं, आणि दोन तासांत तर सगळं संपवावं लागतं. संपवण्याची सवय तुमच्या हाताला लागलेलीच नाही, कारण कोणी ती मागितलीच नाही. पद्धत सापडत नाही असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, पद्धत सापडली आहे आणि पक्की मुरलीही आहे, फक्त ती वेगळ्या कामाची आहे.

मुलाखतींबद्दल. हॉलिवूडचे पटकथाकार डाल्टन ट्रम्बो बाथटबमध्ये बसून पटकथा लिहायचे, हे तुम्ही ऐकलं असेलच. तो फोटो सगळीकडे फिरतो. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी, की हॉलिवूडने काळ्या यादीत टाकल्यावर त्यांना वर्षानुवर्षं टोपणनावांनी, कमी पैशांत, भराभर लिहून घर चालवावं लागलं. तुमच्या सहा एपिसोडांशी त्यांचं नातं टबपेक्षा जवळचं आहे. सत्यजित राय बंगाली दुकानदारांच्या लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये पटकथा लिहायचे. त्याच वहीत फ्रेमची चित्रं, कपड्यांचे तपशील, संगीताच्या नोंदी. चित्र काढणाऱ्या, संगीत देणाऱ्या माणसाला तशी वही हवीच. तुम्ही ती विकत आणलीत तर आपल्या चोपडीसारखीच एक चोपडी घरात येईल, एवढंच. हॉलिवूडचे दिग्दर्शक बिली वाइल्डर खोलीत येरझाऱ्या घालत बोलायचे आणि त्यांचे साथीदार आय. ए. एल. डायमंड टंकलेखन यंत्रावर बसायचे. यातलं कोणतंही तुम्ही उचललंत तर सोंग होईल. सोंग चार दिवस टिकतं, तुमच्या लोणावळ्याइतकं. (मीही हे केलं आहे. एका निर्मात्याने पटकथेसाठी मला आठ दिवस पाचगणीला ठेवलं होतं. परतताना माझ्याकडे सव्वातीन पानं आणि स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या होत्या.)

एकाच उदाहरणापाशी मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे, आणि ते जपानचं आहे. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा 'सेव्हन सामुराई'च्या पटकथेसाठी शिनोबु हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी या दोघांना घेऊन अतामी गावातल्या एका हॉटेलात सुमारे दीड महिना राहिले. कुरोसावा आणि हाशिमोतो लिहायचे. ओगुनी फारसं लिहीतच नसत. ते लिहिलेली पानं वाचायचे आणि चालेल की नाही ते सांगायचे. त्यांनी नापसंत केलेलं पान पुन्हा लिहिलं जाई. पटकथेच्या श्रेयात तिघांचीही नावं आहेत. म्हणजे न लिहिणं हेही लिहिण्याच्या पद्धतीतलं एक पूर्ण वेळेचं काम होतं, आणि त्याला वेगळा माणूस होता. तुमच्याकडे माणूस एकच आहे. मग निदान वेळ तरी वेगळी हवी.

आता तो बाक. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'लिहायला बसणं म्हणता येणार नाही' असं म्हणून ढकलून दिलं आहे. का म्हणता येणार नाही? लॅपटॉप नव्हता म्हणून? आजूबाजूला मुलांचा गोंगाट आणि क्लोरिनचा वास होता म्हणून? अख्खा सीन झाला ना? तीन वर्षांत जी गोष्ट फक्त तिथे घडली तिच्याकडे तुम्ही बघायलाही तयार नाही, आणि पहाटे पाच वाजता काहीच घडलं नाही तरी पहाटेला मान देता. पहाटे लिहिणारे लेखक बहुतेकदा लवकर झोपतात, आणि त्यांच्या घरात सकाळचा डबा दुसरं कोणीतरी भरत असतं. तुम्ही रात्री एक वाजता एपिसोड पाठवत असाल तर पाचचा गजर हा निव्वळ आत्मक्लेश आहे.

म्हणून पहिलं काम म्हणून मी तुम्हाला लिहायला सांगणारच नाही. दोन आठवडे फक्त नोंदी ठेवा. जुनी डायरी घ्या, नाहीतर फोनमध्येच. चित्रपटाचा विचार डोक्यात आला की चार गोष्टी टिपायच्या: किती वाजले होते, कुठे होतात, हातात काय होतं (वही, फोन, पोळपाट-लाटणं), आणि आलं ते काय होतं: एखादं वाक्य, एखादं चित्र, की 'मग असं झालं तर' अशी घटना. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. माझ्या ओळखीच्या एका लेखकाला कळलं की घटना त्याला फक्त चालताना सुचतात आणि वाक्यं फक्त टाइप करताना. तोवर तो टेबलापाशी बसून घटना शोधायचा आणि स्वतःला ठोंब्या म्हणायचा. तुमचं निराळं निघेल. ते मला इथून सांगता येणार नाही आणि कोणत्याही पुस्तकालाही नाही. थांबलात तेव्हाचीही नोंद ठेवा: पेन खाली ठेवलंत तेव्हा मनात काय होतं? 'पुढे काय ते माहीत नाही' आणि 'हे वाईट झालंय' या दोन अगदी वेगळ्या अडचणी आहेत. पहिली कथाकाराची, दुसरी ईपीची. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

दुसरं काम त्या अडतीस पानांचं. त्यांची उलटी वनलाइन काढा. प्रत्येक सीनसाठी एक ओळ: कोणाला काय हवं होतं आणि सीन संपताना काय बदललं. संवाद कितीही सुंदर असला तरी त्या ओळीत घ्यायचा नाही. ज्या सीनमध्ये काही बदललं नाही तिथे फुली. मला शंका आहे की फुल्या बऱ्याच पडतील आणि त्या ठिकाणी बहिणी एकमेकींना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत असतील. ती मालिकेची सवय, घाबरू नका. सगळे सीन हुकवर संपतात का तेही पाहा. चित्रपटात काही सीन नुसते शांत होऊन संपू शकतात, धाकटी पिठाने पांढरे झालेले हात धुते आणि पाणी गढूळ होतं, एवढ्यावर.

'आधी वनलाइन, मग पटकथा, शेवटी संवाद' हा क्रम पवित्र आहे असं समजून तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर तो सोडा. तो क्रम कारखान्याच्या सोयीचा आहे. पाच माणसांना एकाच गोष्टीवर काम करायचं तर आधी आराखडा लागतोच. तुम्ही एकट्या आहात. तुम्हाला माणसं आधी ऐकू येतात, तर आधी बोलू द्या त्यांना. दहा पानं दोन्ही बहिणींचं नुसतं भांडण लिहा, चित्रपटात न घेण्यासाठी. मग त्या भांडणातून घटना वेचा. भांडताना माणसं जुन्या गोष्टी काढतात: कोणाच्या लग्नात किती दिलं, आईच्या आजारपणात कोण आलं, कोण आलं नाही. वनलाइन त्याच्यात पडलेली असते. फक्त वेचण्याचं काम त्याच दिवशी करायचं नाही. एक दिवस बोलणारीचा, दुसरा दिवस वेचणारीचा.

उरलेल्या उपायांबद्दल झटपट. कार्डं चांगली, पण घटना सापडल्यावर त्यांची जागा बदलून बघण्यासाठी. घटनाच नसतील तर भिंत तेवढी सजते. सॉफ्टवेअर समास नीट ठेवतं. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब अमेरिकी मांडणीतल्या इंग्रजी पानाचा आहे, देवनागरीत तो तंतोतंत बसत नाही, तेव्हा तुमची अडतीस पानं म्हणजे अडतीस मिनिटं असं धरून चालू नका. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. तीन अंकांचा साचा वाईट नाही, पण आपल्या चित्रपटाला मध्यंतर असतं, आणि आपला प्रेक्षक वडापाव हातात घेऊन त्या दहा मिनिटांत गोष्टीवर बोलतो. तो काय बोलत असेल, हा एक प्रश्न तुम्हाला त्या साच्यापेक्षा जास्त पुढे नेईल. तुमचं कुलूप हे मध्यंतर आहे की त्याच्याही आधीचं वळण, हे तुम्ही कधी ठरवलं आहे का? पत्रावरून वाटत नाही.

मालिका सोडायची का? माझं मत विचाराल तर आत्ता नाही. हप्ते आणि शाळेची फी ही कारणं तर आहेतच, पण आणखी एक आहे. तुम्ही मागणीवर लिहिणाऱ्या आहात. रिकामा दिवस मिळाला की अशा माणसाचा हात चालत नाही, लोणावळ्याला ते दिसलंच. उलट बाजूही खरी आहे: रोज २२ मिनिटं लोकांना बोलतं केल्यावर संध्याकाळी कान बधिर होतो. तेव्हा एपिसोड पाठवलेल्या दिवशी चित्रपटाचे संवाद लिहूच नका. त्या दिवशी फक्त घटनांचा विचार, तोही चालताना किंवा भाजी चिरताना. संवाद सुट्टीच्या दिवशी. बँक पुढे असेल तेव्हा (हसू नका, असतात असे आठवडे) दोन दिवस सलग मागून घ्या. सहा महिने असं करून, नोंदी वाचून, तरीही वाटलं की मालिका सगळं शोषून घेते आहे, तर सोडण्याऐवजी आधी कमी करा. आठवड्याचे एपिसोड दोन संवादलेखकांनी वाटून घेणं या धंद्यात अशक्य नाही. पैसे कमी होतील ते आधी घरात बोला. आणि करार काढून वाचा. दुसरीकडे लिहायला बंदी घालणारं कलम आहे का, ते सही करताना कोणीच पाहत नाही.

ओगुनीची खुर्ची मात्र कोणाला तरी द्या. लेखकच हवा असं नाही. गोष्ट ऐकताना ज्याचा चेहरा खोटं बोलत नाही असा माणूस हवा. महिन्यातून एकदा त्याला वीस मिनिटांत सगळी गोष्ट तोंडी सांगा, कागद न बघता. आपल्याकडे चित्रपट नॅरेशनवरच, म्हणजे गोष्ट तोंडी ऐकवण्यावरच, उभे राहतात, तर ते निर्मात्यापुढे पहिल्यांदा करण्यापेक्षा मैत्रिणीपुढे केलेलं बरं. तिने फोन कुठे उचलला ते लक्षात ठेवा. सांगताना तुम्ही आपोआप काय गाळलंत तेही. तो सीन बहुधा नकोच असतो. आणि गोष्ट अडतिसाव्या पानाशी आली की थांबू नका. थाप मारा. समोर माणूस बसलेला असताना तोंड आपोआप पुढे काहीतरी बोलतं, सहा वर्षांच्या डेडलाइननी तुम्हाला तेवढं नक्की शिकवलं आहे. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. धंद्यातल्या माणसाला सांगण्याआधी मात्र गोष्ट सविस्तर लिहून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा. सदस्यांना ते ऑनलाइन करता येतं. नुसत्या कल्पनेवर कायदा हक्क देत नाही, लिहिलेल्या मांडणीवर देतो, म्हणून चार ओळींवर भागवू नका.

बँकेत, शाळेत नोकरी करून लिहिणाऱ्या काही वाचकांचीही अशी पत्रं माझ्याकडे आहेत. त्या वाचकांनो, तुम्हाला दोन आठवड्यांच्या नोंदी जशाच्या तशा लागू पडतील, बाकीचं पडेलच असं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अडचण ताईंच्या उलट आहे: वनलाइन चोख, कार्डं रंगीत, पण माणसं तोंडच उघडत नाहीत. तुम्ही आराखडा कपाटात ठेवून एखाद्या पात्राचं दोन पानी रागाचं पत्र लिहून बघा. कोणाला आपली अडचणच नीट कळत नसेल आणि फक्त तारीख हवी असेल तर एखाद्या कार्यशाळेत नाव घाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचेही पटकथालेखनाचे छोटे अभ्यासक्रम होतात. पैसे तारखेसाठी भरतो आहोत एवढं ध्यानात असू द्या.

ताई, तुम्ही येत्या शनिवारी त्या बाकावर वही घेऊन बसा. लॅपटॉप घरी. पोहण्याच्या क्लासला पाऊण तास लागत असेल तर पाऊण तास. एकच गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही, तेवढी तिथे ठरवा: थोरलीने कुलूप लावलं खरं, पण त्या गिरणीला किल्ल्या किती होत्या, आणि दुसरी कोणाकडे आहे?